उद्देश स्पष्ट नाही

त्याचे हात आधी प्रसिद्ध झाले. तो स्वतः नंतर आला.

वाचनालयाच्या काउंटरला भिजलेली छत्री टेकवत त्यानं विचारलं, "माझे हात तुम्ही लोकांना दाखवलेत का?"

काउंटरमागची ती चपापली. मग तिनं त्या हातांकडे पाहिलं. लांबसडक बोटं, डाव्या अंगठ्यावर जुना व्रण, नखांच्या कडेला वाळलेली खळ… तेच ते हात. गेल्या आठवड्यात तळघरात एक बाइंडर फाटकी पुस्तकं शिवत बसला होता आणि तिनं दारात उभं राहून हळूच मोबाईल धरला होता. फक्त हात, सुई आणि दोरा. वाचनालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला होता.

"चेहरा नाही दिसत हो," ती पुटपुटली.

"माझ्या बहिणीनं अंगठ्यावरून ओळखलं. तीन वर्षं बोलत नव्हती माझ्याशी. परवा फोन आला. म्हणाली, दादा, नखं काप."

"म्हणजे… चांगलंच झालं की!"

"झालं ना. पण विचारायचं तर होतं."

आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

कारण नवा कायदा येऊन तीनच महिने झाले होते आणि तो सगळ्यांना समजावून सांगायचं काम वाचनालयाच्या मोठ्या बाईंनी तिच्याच गळ्यात मारलं होतं — "तूच आमच्यातली मोबाईलवाली!" कुणाचा चेहरा, आवाज, हात, काहीही पानावर टाकायचं तर लेखी संमती हवी. कशासाठी आणि किती दिवस, दोन्ही लिहिलेलं हवं. आणि माणसाला ती वाटेल तेव्हा मागे घेता यायला हवी. आजूबाजूच्या दुकानदारांना बोलावून तिनं यावर भाषणसुद्धा ठोकलं होतं. आणि स्वतःच माती खाल्ली होती.

"फॉर्म भराल का?" तिनं मान खाली घालून विचारलं.

"आता विचारलंत, आता भरतो."

त्या दिवसापासून ती कायद्याच्या बाबतीत इतकी काटेकोर झाली, की मोठ्या बाईसुद्धा तिला वचकून असत. दर व्हिडिओला नवा फॉर्म. मूळ कागद फायलीत, प्रत ज्याची त्याला.

पुढच्या फॉर्मवर त्यानं 'उद्देश' या रकान्यात लिहिलं, 'बहिणीला कापलेली नखं दिसावीत.' तिनं लाल पेन्सिलीनं शेरा मारला, 'उद्देश स्पष्ट नाही', आणि हसू दाबत कागद परत केला.

त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं लिहिलं, 'काउंटरवरच्या बाईंना तळघरात यायला निमित्त मिळावं.'

ती तावातावानं जिना उतरून खाली गेली. म्हणजे निमित्त मिळालंच.

"हे काय लिहिलंय?"

"खरं ते. कायद्याला खोटं चालत नाही ना, कायदेबाई?"

"उद्देश स्पष्ट नाही."

"आणखी किती स्पष्ट करू?"

"नियमात बसेल इतका," ती म्हणाली, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

त्यानं सुई तिच्या हातात दिली. "धरा. दोरा ताणा… इतका नाही, तुटेल. हां. आता सैल सोडू नका, तेवढं पुरे." त्याची बोटं तिच्या बोटांना लागली नाहीत. लागता लागता राहिली. तिला घरी जाईपर्यंत तेच आठवत राहिलं.

एकदा त्यानं तिला उसवलेल्या पुस्तकाची पाठ दाखवली. आत जुन्या कागदाचं अस्तर होतं, कुणाच्या तरी पत्राच्या चार ओळी.

"मजबुतीसाठी कुठलाही जुना कागद लावतात. पुस्तक पुन्हा उसवेपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडत नाही." तो हसला. "मी तुमच्या त्या मोबाईलच्या भानगडीत का नाही, कळलं? माझं काय ते असं पुस्तकाच्या पाठीत, झाकलेलं."

अकरा व्हिडिओ झाले. अकरा संमत्या झाल्या. आई म्हणाली, "लोकांचे फॉर्म भरून घेतेस, तुझा कधी भरायचा?" तिनं उशी फेकून मारली, पण मनातल्या मनात रकाने भरायला लागली होती.

आणि मग तपासणीचा दिवस उजाडला. कायद्याची माणसं अकराला येणार होती, तिच्या ट्रेमध्ये साठ फॉर्म तुंबले होते. ती झपाझप शेरे मारत सुटली. सही आहे, पुढे. तारीख नाही, परत. मध्येच एका फॉर्मवर 'उद्देश: सगळ्यासाठी. मुदत: जन्मभर.' असली मोघम संमती कायद्यात टिकत नाही, हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. नावाकडे न बघता हात चालला. 'उद्देश स्पष्ट नाही. मुदत अमान्य.' प्रत ज्याच्या त्याच्या खणात, मूळ फायलीत. पुढचा.

तपासणीवाल्यांनी तिची तोंडभरून स्तुती केली.

चार दिवसांनी तो काउंटरवर आला. हातात एकच कागद — संमती मागे घेत असल्याचा. सगळ्या अकरा व्हिडिओंची.

कारण विचारायचं नाही, असा नियम होता. तिला तो तोंडपाठ होता. म्हणून तिनं विचारलं नाही. कंटाळला असेल, तिनं ठरवून टाकलं. पुसायला सात दिवस होते. तिनं त्याच्यासमोर, तिथल्या तिथे, एकेक करून अकराही पुसले.

"झालं?"

"झालं. तुमचा नंबरसुद्धा काढून टाकला."

"नंबरसुद्धा…" त्यानं काउंटरवरचं पेन सरळ करून ठेवलं. "तुम्ही फार काटेकोर आहात."

त्याला काही बोलायचं होतं का? तिनं पाहिलंच नाही. ती मोबाईलकडे बघत बसली होती. डोळे भरलेले कुणाला दिसू नयेत म्हणून.

नाकारलेले फॉर्म वर्षानं फाडून टाकायचे असतात. वर्ष उलटल्यावर ती फाईल घेऊन फाडायला बसली. तिसाव्या की बत्तिसाव्या कागदावर तिचा हात थांबला. ते अक्षर… सगळ्यासाठी. जन्मभर. खाली त्याची सही. आणि वर तिचाच ठसठशीत लाल शेरा.

तिनं पर्स उचलली आणि तशीच निघाली.

वाचनालयाजवळच्या त्याच्या बाइंडिंगच्या कारखान्याच्या जागी आता चष्म्याचं दुकान होतं. काउंटरमागच्या काकूंनी तिला लगेच ओळखलं.

"ते होय? दुसऱ्या गावी गेले. पत्ता आहे माझ्याकडे, त्यांचं टपाल मीच पाठवते. पण द्यायचा कसा हो? तुमच्याच भाषणाला आले होते मी, तेव्हा माझं दुकान पलीकडच्या गाळ्यात होतं. तुम्हीच म्हणालात, विचारल्याशिवाय कुणाचं काही कुणाला द्यायचं नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. आपलं बरोबर असणं इतकं जिव्हारी लागेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग तिनं पर्समधून एक कोरा फॉर्म काढला. उद्देश: तुमच्याजवळ राहता यावं. मुदत: जन्मभर. सही करताना पेन दोनदा अडलं.

काकूंनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "हा मात्र आजच टपालात टाकते गं, पोरी."

अठरा दिवसांनी पाकीट आलं. आत तिचाच फॉर्म. त्यावर लाल पेन्सिलीनं, तिच्यासारखाच ठसठशीत शेरा: 'उद्देश स्पष्ट आहे. मुदत संपली.'

पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलं होतं — 'मागच्या महिन्यात माझं लग्न झालं. ती चांगली आहे. त्या दिवशी तुम्ही कारण विचारलं असतं तर… पण नाही. असलं फॉर्मवर नसतं मांडायचं. विचारायचं तर मीही होतं.'

ती तळघरात गेली. वाचनालयाचा थोरला शब्दकोश उसवून पडला होता. नवा बाइंडर अजून मिळाला नव्हता. तिनं सुईत दोरा ओवला. ताणून धरला, तुटेल इतका नाही. शिवून झाल्यावर पाठीला खळ लावली आणि दोन्ही फॉर्म अस्तर म्हणून चिकटवले, शेरे समोरासमोर. वरून कापड बसवलं.

त्या पहिल्या व्हिडिओनंतर नियम मोडण्याची तिची ही पहिलीच वेळ. शब्दकोश रोज कुणी ना कुणी उघडतं… आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.