चाक फिरवा, बाई

पोंभुर्ण्यात गाडीच्या वायरिंगचं काम निघालं की लोक लच्छूचं नाव घेत. गेला आठवडाभर मात्र ते नाव घेऊन हसत होते. नर्सबाई नीलिमाची गाडी त्यानं चारदा दुरुस्त केली होती. चारही वेळा ती गॅरेजात पाहुणीसारखी शहाणपणानं वागली, आणि जंगलातलं तेच एक वळण आलं की स्टिअरिंग दगडासारखं जड करून रस्ता सोडायला निघाली.

"उद्या सकाळी रिनाले चंद्रपूरले न्यायचं हाय," नीलिमा म्हणाली. रिना तिची धाकटी बहीण, दिवस भरलेली. "दुसरी गाडी भेटून नाई राह्यली. आज काय ते करा, लच्छूभाऊ."

म्हणून भर दुपारी दोघं त्या वळणावर आली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, आणि नीलिमानं कशीबशी गाडी सागाच्या बुंध्याच्या हातभर अलीकडे थांबवली.

लच्छूनं बॉनेट उघडलं. बॅटरी ठणठणीत. फ्यूज शाबूत. अर्थिंगची तार त्यानं चारदा घासली होती, रागारागानं पाचव्यांदा घासली. स्कॅनर लावला, तर त्याच्या मते गाडीत काहीच दोष नव्हता.

"तुलेच दुरुस्तीले टाकाले पायजे," लच्छू स्कॅनरला म्हणाला.

शेवटी त्यानं बॅटरीची तार सोडवली. स्टिअरिंग वळताना एखादी वायर ताणली जाते का, एवढंच आता पाहायचं उरलं होतं. बॉनेटमागे वाकून त्यानं वायरींचा जुडगा मुठीत धरला.

"बाई, डावीकडं फिरवा!"

पुढची चाकं डावीकडे वळली.

"आता उजवीकडं. हळू हळू!"

हळू हळू वळली. बंद गाडीचं स्टिअरिंग जागच्या जागी फिरवायचं म्हणजे दोन गड्यांचं काम. "हातात ताकद हाय हो तुमच्या," लच्छूनं कौतुक केलं. दहा मिनिटं हेच चाललं. वायर कुठंही ताणली जात नव्हती, आणि लच्छूचं डोकं तापलं.

"जड लागते का हलकं, तोंडानं सांगा ना! मी एकटाच काऊन बडबडून राह्यलो?"

"कोनाशी बोलता, भाऊ?"

आवाज मागून, रस्त्यावरून आला. नीलिमा मोबाईलकडे बघत चालत येत होती. किल्ली तिच्या बोटात लटकत होती.

"रेंज पाहाले टेकडीवर गेली होती. तुमी बॅटरी सोडवली तवाच."

किल्ली काढली की स्टिअरिंग लॉक होतं, हे लच्छू रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगत असे.

त्यानं बॉनेटच्या कडेनं आत पाहिलं.

सीट रिकामी होती. काचा बंद.

त्याच्या मुठीतला जुडगा सुटला.

"सापडला का फॉल्ट?" मोबाईलवरून नजर न काढता नीलिमानं विचारलं. "उद्या नेऊ ना रिनाले हिच्यात?"

लच्छूनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी पुढची चाकं किंचित डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

नाही म्हणताना माणसाची मान हलते, तेवढीच.