दोन्ही डावे कल्ले

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याने पोहण्याचा चष्मा, आंघोळीची टोपी आणि रेनकोट घातला होता. ऊन कडक होतं. आसपास कुठेही पाणी नव्हतं.

मी खरं तर भांडायला खाली उतरले होते. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आई शिवते, मी कापते. गिऱ्हाइकांचे पांढरे शर्ट खिडकीत वाळत होते आणि खालून उडणारी काळी धूळ त्यांच्यावर आरामात येऊन बसत होती.

"अहो, हे काय चाललंय?"

"बॉनेटला भोकं पाडायचीत. इंजिनाची गरम हवा बाहेर पडायला," तो म्हणाला. जणू मी त्याला किती वाजले विचारलं होतं. "हा नुसता सरावाचा तुकडा कापतोय. खरं तिकडे आहे."

दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बॉनेट पेशंटसारखं आडवं पडलं होतं. काळं, चकचकीत. मी त्यावर बोट फिरवलं आणि भांडण विसरले.

"हे तर कापड आहे!"

"कार्बन फायबर आहे."

"असेल. पण वीण ट्विलची आहे. या तिरप्या रेघा बघा, जीन्सला असतात तशाच. कडक केलंय एवढंच. आणि यावर तुम्ही शाळेच्या पट्टीने आखताय?"

"कंपासपेटी हरवली."

त्याने चष्मा वर केला. चष्म्याचे दोन गोल वळ उमटले होते, आणि त्या वळांच्या मधोमध... जाऊ दे. डोळे होते. दोन.

तो तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. मुलं त्याला बेडूकसर म्हणायची. गाडी म्हातारी होती, चढ लागला की तापायची. आणि डोंगरावरच्या गावात नवा तलाव झाला होता, तिथे याला बोलावणं आलं होतं. म्हणजे बॉनेटला भोकं पडली की बेडूक जाणार. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि तरी मी मदतीला तयार झाले. कापायचं काही दिसलं की मला राहवत नाही – निदान आईला मी असंच सांगितलं.

भोकं कुठे पाडायची ते हवेला विचारावं लागतं म्हणे. म्हणून बॉनेट गाडीला बसवलं, आईच्या लोकरीचे तुकडे त्यावर चिकटवले आणि फिरायला निघालो. धागे जिथे उठून थरथरतील तिथली जागा मी टिपत होते.

सिग्नलला एका स्कूटरवाल्याने विचारलं, "गाडीला केस कशाला लावलेत?"

"टक्कल पडत होतं," बेडूक गंभीरपणे म्हणाला.

मी हसून हसून वाकडी झाले.

"तुम्ही... तू अशी हसलीस की लोकर हलते."

"काच बंद आहे."

"तरी हलते."

अहो-जाहो तिथेच कुठेतरी रस्त्यावर पडलं. आम्ही उचलायला थांबलो नाही.

मग कापायचा दिवस आला. माशाच्या कल्ल्यांसारख्या तिरप्या फटींचा कागदी नमुना मी बनवला होता. कडा उसवू नयेत म्हणून आधी चिकटपट्टी लावली. तो कटर चालवत होता. मी एका हाताने पाणी फवारत होते, दुसऱ्या हातात धूळ ओढायची नळी. दोघांच्याही तोंडाला मास्क. चेहऱ्यावर फक्त डोळे शिल्लक, आणि त्यांना काही कामधंदा नव्हता.

डावी बाजू लोण्यासारखी कापली गेली. उजवीकडे मी नमुना ठेवत होते, तेवढ्यात तो मास्कमधून म्हणाला, "मी पुढच्या आठवड्यात जातोय..."

कटर चालला. चिकटपट्टी निघाली. आणि आम्ही दोघं बघतच राहिलो.

नमुना उलटवायला मी विसरले होते. दोन्हीकडचे कल्ले डावीकडेच झुकले होते.

आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही. आईने खिडकीतून वाकून पाहिलं, "अगं, दोन्ही बाह्या डाव्या!" म्हणाली आणि प्रेत पाहिल्यासारखी आत गेली.

तो बॉनेटभोवती एक फेरी मारून आला.

"डावीकडे बघतंय," तो म्हणाला. "पण छान बघतंय."

कडा घासून, त्यांवर रेझिन लावून, वाळवून, आम्ही चढावर गाडी घातली. तापमानाचा काटा मधोमध बसला तो हलेचना. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका काट्याला मनातल्या मनात म्हटलं – चढ ना, मेल्या!

नाही चढला. गाडी गाणं म्हणत वर पोचली.

नवा तलाव निळाशार होता. पाणी अजून सोडलं नव्हतं. आम्ही काठावर पाय सोडून बसलो.

"ते कल्ल्यांचं मी मुद्दाम केलं असं वाटतं तुला?"

"केलं होतंस?"

"नाही रे... तू जातोय म्हणालास आणि हात तसाच पडला. पण नंतर वाटलं, बरं झालं. गाडी बिघडली तर तू राहशील." मी रिकाम्या तलावाकडे बघत म्हणाले, "मला तू राहायला हवा आहेस."

तो म्हणाला, "इथे यायला बस आहे."

"काय?"

"आपल्याच चौकातून सुटते. सकाळी वर येते, दुपारी शिकवणी संपायच्या आधीच परत जाते. नुसतं निघून यायचं असतं, तर गाडी लागलीच नसती."

"मग हा सगळा उपद्व्याप?"

"आधी हौस होती. लोकर लावली त्या दिवसापासून मात्र... रोज संध्याकाळी खाली यायचं ठरवलं. पण रोज खाली यायचं म्हणजे रोज सकाळी वर चढायला नको?"

त्याने माझा हात धरला. कार्बनच्या धुळीने दोघांच्याही हातांना खाज सुटली होती, त्यामुळे तो स्पर्श थोडा हळवा आणि बराचसा खाजवण्याचा होता. तरी मी सोडला नाही.

आता रोज संध्याकाळी गाडी आमच्या इमारतीपाशी येऊन उभी राहते. आमची खिडकी तिच्या डाव्या हाताला येते.

"बघतंय गं ते," आई मशीनवरून मान न उचलता म्हणते.

"बघू दे," मी म्हणते, आणि कात्री खाली ठेवते.