हिटरची मोकळी वायर

हे ऐकीव नाही. माझ्या आतेबहिणीनं स्वतःच्या हातानं केलेल्या कामाबद्दल आहे, आणि तिचा हात सहसा चुकत नाही. घरात तिला सगळे फ्यूज म्हणतात.

रात्रही नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती.

फ्यूजचे वडील गेल्यावर घर भाड्यानं द्यायचं आणि आत्यानं, म्हणजे तिच्या आईनं, फ्यूजकडे राहायला जायचं ठरलं होतं. आत्याची बॅग भरून दाराशी तयार होती. भाडेकरूंसाठी एकच काम उरलं होतं: बाथरूमच्या छतात पंखा, हिटर आणि दिवे एकत्र असलेलं यंत्र बसवायचं. ते वडिलांनीच हौसेनं आणलेलं. शेवटच्या थंडीत त्यांना आंघोळीला फार हुडहुडी भरायची.

खोकं उघडायच्या आधीच ते गेले.

फ्यूज रडली नव्हती. तेव्हाही नाही, आताही नाही. वायर सोलत होती.

पंखा जोडला. दिवे जोडले. हिटरची वायर मात्र तिनं मोकळी ठेवली. छतातली जुनी वायर बारीक होती, हिटरच्या भारानं जळाली असती. टोकाला टेप गुंडाळून तिनं झाकण लावलं.

"आई, हिटर जोडलेला नाहीये. जाड वायर आणली की जोडते."

"अगदी बापावर गेलीस. अर्धं काम, पूर्ण भाषण."

आत्या आंघोळीला गेली.

पंख्याची घरघर... पाण्याचा आवाज...

मग दोन्ही थांबलं.

आणि आत कोणीतरी खाकरलं... पुरुषी आवाजात.

आत्या बाहेर आली. गाल लाल झालेले.

"काय छान ऊब आहे गं आत!"

फ्यूज आत गेली. स्टुलावर चढून तिनं हिटरच्या जाळीला बोट लावलं...

चटका बसला.

तिनं मेन स्विच बंद केला. दिवे गेले. झाकण उघडलं. टेप जशीच्या तशी. टेस्टर लावला... पेटला नाही. वायर थंडगार.

जाळी मात्र तापतच होती...

तिला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. बोटावर फोड येताना ती नुसती बघत राहिली.

बाहेर आत्या बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होती.

"भाडेकरूंना नाही म्हणून कळव. मी कुठे येत नाही."

"आई, तो हिटर जोडलेलाच नाहीये!"

"माहितीये गं. तूच सांगितलंस की."

जाड वायर आणून पडली आहे. फ्यूजनं ती अजून जोडलेली नाही. एकदा जोडली, की ऊब कशाची होती ते कधीच कळणार नाही, असं ती म्हणते.

रोज सकाळी ती आईला फोन करते. आत्या खिडकीशी बसून निवांत बोलते...

आणि मागे, बाथरूममध्ये, पाणी पडत असतं.

फ्यूज काही विचारत नाही.