पहिल्या ढिगातलं बटण

बटण निळं होतं, चार भोकांचं, वजन शून्य दशांश आठ ग्रॅम. एका भोकात पांढऱ्या दोऱ्याचं टोक अडकलेलं. प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंनी ते चिमट्याने उचललं, 'प्लास्टिक' या रकान्यात नोंदवलं आणि मान वर केली. समोर वाकून बघणाऱ्या निळ्या शर्टाचं गळ्याखालचं दुसरं बटण गायब होतं.

"हे... तुमचं?"

"अहो, म्हणजे मला कचऱ्यात जमा केलंत?" भट्टीच्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. तो नुकताच आला होता.

"तुम्हाला नाही. बटणाला." तिचे कान मात्र तापले. "पण बाहेरची वस्तू पडली, की नमुना बाद. पुढच्या आठवड्यात पुन्हा या."

विकता येण्याजोगं सगळं वेचून घेतल्यावर घरोघरचा जो कचरा उरतो, त्याचं काय करायचं, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. एक तर या इंजिनिअरची भट्टी: जाळा, वाफेवर वीज काढा, उरते ती राख. नाहीतर मोठी पिंपं: त्यांत जिवाणूच आपल्या उबेने कचरा सुकवतात, मग चाळून थोडाच भाग जमिनीत पुरावा लागतो. भट्टी नाकारली, की इंजिनिअरने गाशा गुंडाळायचा.

नमुना काढायला ढीग पसरायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून उरलेले पुन्हा कालवायचे. या कामाला दोघं लागत.

"हा मोजा?"

"कापड."

"एकटाच आहे बिचारा."

"जोडी हवी, असं नियमात नाही."

"मग नियमच चुकलाय, बाई."

ती हसली नाही. मोजा मात्र तिने दोनदा तोलला.

तिसऱ्या ढिगालाच उत्तर स्वच्छ दिसत होतं. ओल बावन्न टक्के, दर वेळी. तरी तिने चौथा ढीग मागवला, पाचवा, सहावा... "आकडे अजून स्थिर नाहीत," ती सांगे. आकडे खुंटीसारखे स्थिर होते.

"दोन महिने होत आले," घरी आत्या म्हणाली, "निकाल कचऱ्याचा अडलाय, की आणखी कुणाचा?"

"आत्या, तू जेव."

आठव्या ढिगाच्या दिवशी विभागप्रमुख दारातच उभे राहिले. "बाई, चारला बैठक. भट्टी की पिंपं, तोंडी सांगा. कागद मागून द्या."

तिचा हात कोटाच्या खिशात गेला. तिथली कागदी पुडी तिने नकळत बाहेर काढली. वर पहिल्या ढिगाची तारीख, वजन शून्य दशांश आठ ग्रॅम.

"सांगून टाका," इंजिनिअर हळूच म्हणाला. "एवढ्या ओलीत माझी भट्टी पाणीच उकळत बसेल. मला तिसऱ्या ढिगालाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर चौथ्याला बोलावलं असतंत?"

साहेब खोकले. इंजिनिअरची नजर पुडीवर गेली. "ते... माझं बटण? नमुना तर बाद झाला होता ना?"

"नमुना बाद झाला. बटण नाही." ती साहेबांकडे वळली; आवाज जरा चिरकला. "साहेब, पिंपांना इंजिनिअर लागेलच ना?"

"लागेल की. पण निर्णय काय?"

"भट्टी नको, साहेब," ती म्हणाली, आणि बोट त्या निळ्या शर्टाकडे गेलं. "हे हवेत. मला."