पारा आणि पाँटसचा राजा

ऋजुताचे आजोबा रोज सकाळी एक चमचा असं पाणी पीत, जे हिमकूप वसाहतीत प्यायची कुणालाच परवानगी नव्हती.

हिमकूप ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची दोनशे बारा माणसांची वसाहत. तिथल्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही, म्हणून अब्जावधी वर्षांपूर्वीचं बर्फ तिथे तसंच पडून आहे. ते वितळवून माणसं पाणी मिळवत. पण त्या बर्फात पाराही होता. गाळणीतून गेल्याशिवाय ते पाणी म्हणजे विषच. आणि गाळण्या यायच्या पृथ्वीवरून.

पाच महिन्यांपासून एकही यान आलं नव्हतं. पृथ्वीवरच्या वाहतूक मंडळाला बर्फाची खाण हवी होती. खाण आमच्या ताब्यात द्या, मग गाळण्या पाठवतो, असा त्यांचा निरोप होता. ऋजुताच्या आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, त्याला नकार कळवला. तात्या म्हणजे डॉ. त्र्यंबक गोंधळेकर, वसाहतीचे सर्वांत जुने भूशास्त्रज्ञ (जमीन आणि खडक यांचा अभ्यास करणारे). हे बर्फ त्यांनीच शोधून काढलं होतं. तात्यांचा शब्द हिमकूपमध्ये कुणी खाली पडू देत नसे.

शिल्लक गाळण्या तीन आठवडे पुरतील एवढ्याच उरल्या, तेव्हा तात्यांनी सगळ्यांना एका राजाची गोष्ट सांगितली. एकवीसशे वर्षांपूर्वी काळ्या समुद्राकाठी पाँटस नावाचं राज्य होतं. तिथल्या मिथ्रिडेटिस राजाने बलाढ्य रोमशी एक नाही, तीन युद्धं केली. त्याच्या बापाला मेजवानीत विष घालून मारलं होतं. आपलंही तसंच होईल या धास्तीने तो रोज थोडं थोडं विष खात गेला आणि म्हणे विषालाच पुरून उरला. शेवटी राज्य गेलं, तेव्हा शत्रूच्या हाती पडायला नको म्हणून त्याने विष घेतलं. त्याच्याबरोबर त्याच्या दोन मुलींनीही घेतलं. मुली तिथेच गेल्या. राजाला काहीच झालं नाही. मग त्याला आपल्याच माणसाला तलवार चालवायला सांगावं लागलं.

तात्यांचं म्हणणं सरळ होतं. शरीराला सवय लावता येते. ते स्वतः चाळीस दिवस न गाळलेलं पाणी घेत होते. सुरुवातीला तोंडात धातूची चव यायची, मळमळायचं. आता काहीच वाटत नव्हतं. तेव्हा येत्या सोमवारपासून सगळ्यांनी, लहान मुलांनीसुद्धा, थेंबाथेंबाने सुरुवात करायची असं ठरलं. ऋजुता बारा वर्षांची होती. पहिला थेंब मला द्या, असा हट्ट तिने धरला आणि तात्यांनी तो कबूल केला.

पण तात्यांच्याच घरात राहणाऱ्या ऋजुताला काही गोष्टी दिसत होत्या. त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येईना. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. कधी कुणावर आवाज न चढवणाऱ्या तात्यांनी एकदा चहा गार झाला म्हणून तिच्या आईच्या अंगावर पेला भिरकावला. नंतर ते स्वतःच घाबरल्यासारखे कोपऱ्यात बसून राहिले. सवय झाली असेल, तर हे काय होतं?

ती दवाखान्यात गेली. डॉक्टर रेहाना मुजावर मूळच्या मिरजेच्या, वसाहतीतल्या एकुलत्या एक डॉक्टर. तात्या त्यांना रक्त तपासू देत नव्हते. ऋजुताने पाहिलेलं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते ऐकून तिला समोर बसवलं.

शरीर विषाला सरावतं ते दोन तऱ्हांनी, असं त्यांनी समजावलं. सापाचं विष हे प्रथिनांचं (सजीवांच्या शरीरातल्या मोठ्या, गुंतागुंतीच्या रेणूंचं) बनलेलं असतं. त्याला विशिष्ट आकार असतो. घोड्याला ते थोडं थोडं टोचलं, की त्याचं रक्त तो आकार ओळखायला शिकतं आणि प्रतिपिंडं (शत्रूला नेमकं पकडणारे रेणू) तयार करतं. सर्पदंशावरचं औषध त्यातूनच मिळतं. दुसरी तऱ्हा यकृताची. काही वनस्पतींची विषं यकृत तोडून टाकतं आणि वारंवार आली, तर ती तोडण्याचं काम थोडं जोरात करतं.

"म्हणजे राजाची गोष्ट खरी?" ऋजुताने विचारलं.

"काही विषांपुरती खरी असेल. बाकीची लोकांनी वाढवली असेल, आज कुणाला ठाऊक? पण पारा हे मूलद्रव्य आहे. मूलद्रव्य म्हणजे ज्याचे आणखी साधे पदार्थ करता येत नाहीत असा पदार्थ. यकृत त्याला तोडणार कसं? आणि तो इतका लहान, की प्रतिपिंडांना ओळखायला त्यात आकारच नाही. शरीर थोडासा बाहेर टाकतं, पण रोज आत येतो त्याहून कमी. उरलेला मेंदूत आणि मूत्रपिंडात साचत जातो. चहासाठी पाणी उकळलं, की वाफेतून तो छातीतही जातो."

"पण त्यांना आता चव लागत नाही."

"चव कळणं बंद झालं, ऋजुता. विष नाही बंद झालं."

ऋजुताने विचारलं, की शरीराला पारा पकडता येत नाही, तर मग तो कुणाला पकडता येतो. पारा गंधकाला घट्ट चिकटतो, डॉक्टर म्हणाल्या. आपल्या प्रथिनांतही गंधक असतं. पारा त्यालाच जाऊन धरतो आणि प्रथिनाचं काम बंद पाडतो. तो घात करतो तो असा.

"मग त्याला बाहेरच गंधक दिलं तर?"

चंद्राची माती भट्टीत तापवून प्राणवायू काढत, तेव्हा थोडं गंधक उरायचं. ते फेकलं जात होतं. हरितगृहातल्या गव्हाचं काड जाळून कोळसा करता आला असता. गंधक मुरवलेला कोळसा पारा धरून ठेवतो, हे डॉक्टरांना शिकताना वाचल्याचं आठवलं. दुसरा काही मार्ग शोधायला हवा, असं इतके दिवस कुणालाच वाटलं नव्हतं. तात्या होते ना.

रविवारी सभा भरली. तात्यांनी पुन्हा राजाची गोष्ट सांगितली. मुली तिथेच गेल्या, राजाला काहीच झालं नाही, इथवर येऊन ते थांबले. मग त्यांनी पाणी मागितलं, घसा खाकरला आणि तीच गोष्ट पहिल्या वाक्यापासून पुन्हा सांगायला घेतली. शब्दही तेच. तात्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

ऋजुता उभी राहिली. पाऱ्याबद्दल जे समजलं होतं, ते तिने जसं जमेल तसं सांगितलं. कोळशाचंही सांगितलं. तात्या संतापले. घरातच फितूर निघाली, असं भर सभेत तिला म्हणाले. ती खाली बसली नाही.

"तात्या, तो राजा वाचला, पण त्याच्या मुली गेल्या," ती म्हणाली. "उद्या पहिला थेंब तुम्ही मला देणार आहात."

तात्यांनी तिच्याकडे, मग स्वतःच्या थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं. त्यांनी डॉक्टरांपुढे हात केला आणि रक्त घ्या म्हणाले. निकालाचा आकडा ऐकून ऋजुताच्या आईने तोंडाला पदर लावला.

त्या रात्री ऋजुता खूप रडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला एक गोष्ट सांगितली. तो राजा आपली विषं आधी मरणाची शिक्षा झालेल्या कैद्यांना देऊन बघायचा, असं म्हणतात. तात्यांनी आधी स्वतःला दिलं. ते चुकले, पण दोघांत फरक आहे.

पुढचे दिवस कठीण गेले. पाण्याचा वाटा निम्मा झाला. पहिला कोळसा भुसभुशीत निघाला, दुसऱ्यात गंधक मुरलंच नाही. शेवटच्या गाळण्या संपायला दोन दिवस उरले असताना सहाव्या खेपेचं पाणी तपासणीत स्वच्छ ठरलं. ते आधी तान्ह्या मुलांसाठी गेलं. मंडळाला कळवलं, की खाण मिळणार नाही.

तात्या मात्र पूर्वीसारखे झाले नाहीत. होतं तेवढं औषध दिलं, पण मेंदूत शिरलेला पारा सहजी निघत नाही. ते दवाखान्यातच राहिले. ऋजुता रोज जाई. पाणी कुठून येतं, असं ते रोज विचारत आणि ती रोज नव्याने सगळं सांगे. गंधक पाऱ्याला कसं धरतं, हे ते दर वेळी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे ऐकत.

एके दिवशी ऐकता ऐकता त्यांनी तिला थांबवलं.

"वापरून झालेला कोळसा कुठे टाकता?"

"बाहेर, मातीच्या ढिगावर."

"पारा नाहीसा होत नाही, पोरी. तिथे ऊन लागतं. तापला, की सुटेल आणि पुन्हा थंड विवरात जाऊन बर्फात बसेल. सावलीत, खडकात बंद करून ठेवा. जागा दाखवतो."

हे आजवर कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ऋजुताने भिंतीवरचा विवरांचा नकाशा काढून त्यांच्या मांडीवर पसरला. तात्यांचं बोट थरथरत कड्यांवरून फिरत राहिलं आणि एका ठिकाणी थांबलं. तिने तिथे खूण केली.