ओढमापकाचा काटा

लक्ष्मी रोडवरच्या ओसवाल शेठच्या गेमच्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर, एक प्रयोगशाळा होती. दुकानात प्रयोगशाळा कशाला, असं विचारणाऱ्याने ‘मनोधाव’साठी लागलेली रांग पाहिलेली नसणार. ‘मनोधाव’ म्हणजे नुसत्या विचारावर चालणारा गेम-कन्सोल. मनात पळा, पडद्यावर पळाल. पुण्याच्या वाट्याला महिन्याला चाळीस नग यायचे आणि मागणारे नऊ हजार. ऑनलाइन विकले, तर दलालांचे संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे उचलत. रांग लावली, तर भाड्याची माणसं उभी राहत.

म्हणून शेठनी मेंदूशास्त्रज्ञ डॉ. हेमलता रणपिसे यांच्याकडून ओढमापक बनवून घेतला. कपाळाला पट्टी बांधायची, समोर खोकं ठेवायचं, आणि माणसाचा जीव त्यात किती अडकलाय ते काटा सांगणार. ज्याचा आकडा मोठा, त्याला खोकं. ज्याला खेळायचंय त्यानेच बसायचं, बदली चालणार नाही, हा नियम खुद्द हेमलताचा.

पुणेकरांनी त्यावरही तोडगा काढला. पेठेत ओढवर्धनाचे क्लास निघाले. कॉलेजची पोरं मोबाइलला हात न लावता आठवडा आठवडा अंगठ्यांचा उपास करू लागली. एक गृहस्थ तर गणपतीला नवस बोलून, हसतमुखाने, प्रसादाचा पुडा घेऊनच खुर्चीत बसले. काटा शून्यावर.

“मॅडम, मशीन बिघडलं,” शेठ म्हणाले. “हे तीन महिने चकरा मारतायत. आणि शून्य?”

“बिघडलं नाही. ओढ म्हणजे मेंदूतला अपेक्षा-स्पंद. मिळेल की नाही अशी धाकधूक असली की तो उसळतो. बाप्पा देणारच, अशी यांची खात्री झाली. धाकधूक संपली, स्पंदही संपला.”

“आणि मिळणारच नाही, अशी खात्री असली तर?”

“तरीही शून्यच.”

“म्हणजे भक्त आणि निराश, तुमच्या मशीनला दोघे सारखेच की!”

“फरक कळतो, शेठ. खात्री मोडून बघायची. मिळणारच म्हणणाऱ्याला ‘नाही’ म्हणा, काटा उसळेल. मिळणारच नाही म्हणणाऱ्याच्या पुढ्यात वस्तू ठेवा, उसळेल. अनपेक्षित काही घडलं की मेंदू गप्प बसत नाही.”

“आणि दोन्ही वेळा नाही उसळला तर?”

“तर त्याला ते हवंच नाही.” हेमलता वायर गुंडाळत हसली. “पण असा माणूस आपल्याकडे कशाला येईल?”

शेठ पक्के व्यापारी. त्यांनी त्या दिवसापासून चाळीस नगांसाठी चिठ्ठ्या टाकून बरोबर ऐंशीच माणसं वर बोलवायला सुरुवात केली. निम्मी आशा, निम्मी धास्ती. काटे असे नाचू लागले की विचारू नका.

तिसऱ्या महिन्याच्या ऐंशीत एक नाव निघालं : निशिकांत रणपिसे. हेमलताचा नवरा. एकेकाळी खो-खोत राज्याकडून खेळलेला. चार वर्षांपूर्वी घाटात गाडी उलटली आणि मानेखालचं सगळं शरीर त्याला परकं झालं. ‘मनोधाव’मध्ये खो-खो होता. तो मनाने तरी पळाला, तर जगायला काहीतरी आधार मिळेल, एवढ्या एकाच आशेवर हेमलता दिवस काढत होती. आणि तोही रोज विचारायचा, “काय गं, तुमच्याकडे नवऱ्यांना सवलत नाही का? दुकान आहे का सरकारी कचेरी?”

तिने चाकाची खुर्ची लिफ्टमधून वर आणली. स्वतःच्या हाताने त्याच्या कपाळाला पट्टी बांधली, खोकं समोर ठेवलं.

काटा शून्यावर.

“घ्या!” शेठ तिच्या कानाशी कुजबुजले. “हेही नवसवालेच. यांचा देव म्हणजे तुम्ही. बायको मशीनवर बसलीय म्हटल्यावर धाकधूक कसली?”

हेमलतालाही तसंच वाटलं. तसंच वाटावं, असं वाटलं. पण शास्त्रज्ञाला वाटून भागत नाही. ती त्याच्यासमोर वाकली.

“निशी, नाही मिळत रे. आकडा कमी पडला.”

“अरेरे!” त्याने चेहरा पाडला. “चार वर्षं संसारात बसून काढली, आता इथेही बसूनच हरलो म्हण.”

काटा जागचा हलला नाही.

म्हणजे त्याने आशाच सोडली होती. असू दे, ती मनाशी म्हणाली. आशा सोडलेल्या माणसालाही हवं असू शकतं.

ओसवाल शेठना यातलं काही कळलं नाही. त्यांना फक्त तिचा चेहरा दिसला. त्यांनी मागच्या कपाटातून नातवासाठी ठेवलेलं खोकं काढलं. “नियम माझ्या दुकानाचा आहे, मॅडम, मोडला तर मीच मोडणार,” असं म्हणत त्यांनी ते थेट निशिकांतच्या मांडीवर ठेवलं. “साहेब, तुमचं! घरी न्या.”

“थांबा, शेठ...” हेमलता म्हणाली; पण उशीर झाला होता.

“अरे वा! खरंच?” निशिकांत केवढ्याने ओरडला. डोळे चमकले, आवाज चढला, अगदी रोजच्यासारखा. “हेमा, आज संध्याकाळीच जोडायचं हं. कधीपासून वाट बघतोय मी!”

काटा शून्यावर होता.

हेमलताने काट्याची तबकडी हळूच स्वतःकडे वळवली, त्याला दिसणार नाही अशी.

“हो रे,” ती म्हणाली. “संध्याकाळीच जोडू.”