नखभर डावीकडे

चूक तिचीच होती, पण ती तिने कधीच कबूल केली नाही. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. ती भलत्याच गाडीत शिरली, मागच्या सीटवर पट्टा लावून बसली, डोळ्यांवर काळी पट्टी बांधली आणि मांडीवर वही ठेवून वाट बघू लागली. थोड्या वेळाने ड्रायव्हर आला. मागे वळून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

"चल गं म्हातारे," तो लाडाने म्हणाला, "आज कुरकुर नको हं."

म्हातारी? अजून सत्ताविसावं सरलं नव्हतं तिचं!

म्हातारी म्हणजे गाडी, हे तिच्या लक्षात येईपर्यंत गाडी निघालीही होती आणि तो गायला लागला होता. गाणं कसलं, नुसता छळ. पण गाडी... अहाहा! पहिलं वळण आलं कधी आणि गेलं कधी, कळलंच नाही. दुसरंही तसंच. तिसऱ्याला मात्र तिला राहवलं नाही.

"इथे जरा घाई केलीत," ती मागून म्हणाली.

तो असा काही ओरडला, की कुंपणावरचे पक्षी उडाले. पण गाडी? आपल्या रेषेवरून तसूभरही हलली नाही. बोंब गळ्यातून निघाली, हातांना तिचा पत्ताच नव्हता. चेहरा बघायच्या आधी ती त्याच्या हातांच्या प्रेमात पडली, ती ही अशी.

"कोण... कोण आहे?"

"मी काटा."

"काय?"

"काटा म्हणतात मला इथे."

"टोचणारा, की तराजूचा?"

"ते समोरच्यावर आहे," ती म्हणाली, आणि पट्टीखाली तिचे गाल गरम झाले.

दोघं गाड्या तपासणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. शहराबाहेर कुंपण, आणि कुंपणाच्या आत साडेचार किलोमीटरचा रस्ता. खड्डे, गतिरोधक, उखडलेली खडी, पाण्याचे फवारे सोडून निसरडं केलेलं वळण... रस्त्यांची सगळी पापं एका ठिकाणी आणून ठेवलेली. तिचं काम मागे बसायचं. तेही डोळे बांधून, म्हणजे गाडीच्या रूपाला भुलायला नको. आणि प्रत्येक फेरीनंतर अंगाला जे जाणवलं त्याचे दहापैकी गुण द्यायचे. "बसून खाणं म्हणतात ते हेच," तिची ताई घरी चिडवायची. पण तिचे गुण कधी चुकत नसत, म्हणून ती काटा. आणि त्याच्या हातात कसलीही गाडी मऊ होऊन वळायची, म्हणून त्याला सगळे लोणी म्हणत.

झालेला घोळ ऐकून विभागप्रमुख बाई इतक्या हसल्या, की त्यांनी या दोघांची जोडीच लावून दिली. कामाची हो!

काम असं होतं. दिसायला जीप आणि चालवायला मोटार, अशा त्या क्रॉसओव्हर एसयूव्ही असतात ना, त्यातल्या एकाच नावाच्या दोन गाड्या. एक दहा वर्षांपूर्वीची, एक यंदाची. लोकांची तक्रार होती, की नवीला जुनीची मजा नाही. खरं काय ते सात आठवड्यांत शोधायचं. मग काय, दिवसभर फेऱ्या, आणि फेऱ्यांवर गप्पा.

"बोला, जुनी कशी वाटली?"

"जुनी खड्डा गिळते. पण मग दोनदा ढेकर देते."

"आणि नवी?"

"नवीची चाकं मोठी, टायर बारीक. खड्डा आला की तोंडावर सांगते. पण एकदाच. मनात ठेवत नाही."

"वळणावर?"

"जुनी चांगलीच कलते... पण कलणार आहे हे आधी कळवते. तुम्हालाही स्टिअरिंगमधून कळत असेल की."

"कळतं ना. हाताशी बोलते ती. नवी वळते झकास, ताठ मानेने. पण तिच्या मनात काय चाललंय, याचा पत्ता लागू देत नाही." तो जरा थांबला. "काही माणसंही तशीच असतात."

"कोण बरं?"

"मागच्या सीटवरची."

"आधी मी जुनी की नवी ते तर ठरवा."

"तेच तर... चार आठवडे झाले, अजून फेऱ्याच मारतोय."

एकदा निसरड्या वळणावर त्याने काच खाली केली. विसरून की मुद्दाम, देव जाणे. फवाऱ्याचं पाणी सरळ आत आलं आणि दोघं चिंब भिजली. तिने पट्टी ओढून काढली. नियमाने काढायची नसते, पण काढली. समोरच्या आरशात त्याचे डोळे होते, पापण्यांवर पाणी, आणि ते डोळे रस्त्याकडे बघत नव्हते.

"समोर बघ ना," ती म्हणाली.

"बघतोय की."

तेव्हापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. तिला वाटलं, आता सगळं आयुष्य असंच सुरळीत जाणार. वेडी कुठली!

पाचव्या आठवड्यात तिला पहिल्यांदा ते जाणवलं. नवी गाडी, सरळ रस्ता, ना खड्डा ना वारा, आणि गाडी डावीकडे डुलली. किती? नखभर. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. तिने वहीत लिहिलं. इंजिनिअर लोक खूश झाले, नवीत दोष सापडला म्हणून! त्यांनी स्टिअरिंग पार उकलून बघितलं. काही म्हणजे काही निघालं नाही.

सहाव्या आठवड्यात तेच तिला जुनीत जाणवलं. तसंच, तेवढंच, डावीकडेच.

त्या दिवशी तिला डबा गेला नाही. दहा वर्षांचं अंतर असलेल्या दोन गाड्या. एकीचं स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालतं, दुसरीचं विजेवर. दोघींचा दोष एकच कसा असेल? दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडे म्हणून रजेवर होता, तेव्हा तिने दुसऱ्या ड्रायव्हरला दोन्ही गाड्या चालवायला लावल्या. वळणावर त्याने तिला पोत्यासारखं इकडून तिकडे लोळवलं. पण सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या सुतासारख्या सरळ गेल्या. मग उरलं कोण?

आणि सोमवारी मोठी चाचणी होती. ताशी ऐंशीच्या वेगाने यायचं, आडव्या ठेवलेल्या खुणा एका झटक्यात चुकवायच्या, आणि पुन्हा आपल्या ओळीत. तिथे हात नखभर चुकला, की गाडी उलटते. चालवणार होता तोच.

शुक्रवारी दुपारी तिने त्याला टायरांच्या खोलीत गाठलं. त्याचा डावा हात खिशात होता.

"हात काढ बाहेर."

"का?"

"काढ म्हणते ना."

"तुझा काटा बिघडलाय," तो फटकन म्हणाला. त्याच्या तोंडचा हा पहिला वाकडा शब्द.

"बिघडू दे. काढ."

त्याने काढला. अंगठा आणि दोन बोटं आपल्याआपण हलत होती, चिमटीत काहीतरी चोळत असावा तशी. तो स्वतःही त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिला.

"चार महिने झाले," तो म्हणाला. "डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मला ते आधीपासून पाठ होतं. बाबांचं असंच सुरू झालं होतं, डाव्याच हातापासून. पण ते पंचेचाळीसचे होते. मी बत्तीसचा आहे."

ती एका टायरवर टेकली.

"आईने त्यांना अकरा वर्षं भरवलं. बटणं लावली, कूस बदलली. बाबा गेले तेव्हा ती रडली नाही गं. झोपली. दोन दिवस नुसती झोपून होती."

"मला तू हवा आहेस," ती म्हणाली. असं घाईघाईत, टायरांच्या वासात, रडवेल्या आवाजात सांगायचं नव्हतं तिला. पण आलं तोंडातून. "मला तुझ्याशिवाय करमत नाही. करमणारही नाही."

"मला करमतं की काय?" तो म्हणाला. "म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

"तुझी आईसारखी गत होऊ द्यायची नाही."

"ते माझं मी बघीन!"

"आईही हेच म्हणायची."

मग तिने डोळे पुसले आणि वही उघडली. "मी लिहिते की नवीतच दोष आहे. चाचणी पुढे जाईल. दोन महिने तरी मिळतील आपल्याला..."

"काटा खोटं लिहिणार?"

"हो, लिहिणार!"

"आणि ते लोक तुझ्या शब्दावर चांगलं स्टिअरिंग बदलून बिघडवून ठेवतील. कुणाची तरी पोरंबाळं बसणार आहेत गं त्यात." त्याने हात परत खिशात घातला. "खरं ते लिही. कधी ना कधी कळायचंच आहे. तुझ्या हातून कळू दे. दुसऱ्या कुणाच्या नको."

तीन ओळी लिहायला तिला अख्खी दुपार लागली. दोन्ही गाड्या सरळ रस्त्यावर सरळ जातात. डावीकडची ओढ गाडीची नाही. ड्रायव्हरच्या हाताची तपासणी व्हावी. खाली सही केली तेव्हा तिला आपलाच संताप आला.

बाईंनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खात्री आहे?"

"हो."

"एकदा तरी चूक गं बाई," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

सोमवारी चाचणी झाली, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातून. लोणीला गाड्यांपासून काढून कार्यालयात बसवायला बाई तयार होत्या. तोच बसेना. कार्यालयाच्या खिडकीतून गाड्या बघत बसणं आपल्याला जमणार नाही, म्हणाला. त्याची बहीण लांबच्या गावी होती. आठवडाभरात तो तिच्याकडे निघाला.

फाटकाबाहेरच्या थांब्यावर, भर दुपारी, ती त्याच्या शेजारी उभी राहिली. बॅग मध्ये ठेवलेली.

"मी येते तुझ्याबरोबर."

"नको."

"मग निदान पत्ता दे."

"नको ना गं."

"मी आईंसारखी नाहीये. मी थकणार नाही. लिहून देते, हवं तर!"

तो हसला. पूर्वीसारखं नाही, पण हसला. आणि डावा हात खिशातून काढून त्याने तिच्यासमोर धरला. "धर."

तिने धरला. दोन्ही हातांनी, घट्ट. प्रेमात पडलेल्या कुणालाही वाटेल तेच तिला वाटलं, की आपण धरला की हा थांबेल. आपण धरला, की सगळंच थांबेल. पण हात हलतच राहिला. तिने आणखी घट्ट धरला, छातीशी लावला, डोळे मिटले. तरी तो हलतच होता. तिच्या कोपरापर्यंत ते हलणं चढलं, खांद्यापर्यंत आलं. अकरा वर्षं म्हणजे काय, ते तिला त्या दोन मिनिटांत कळलं. आणि पहिल्यांदाच, अगदी खरं सांगायचं तर, तिला भीती वाटली.

"बघितलंस?" तो हळूच म्हणाला.

बस आली.

ताई अजूनही त्याच्या नावाने बोटं मोडते. आपल्या बहिणीला अर्ध्यावर सोडून गेला मेला, म्हणते. तीही हो हो म्हणते. पण बस थांबली तेव्हा आधी हात सुटला, तो तिचा.